बोलणं बंद, चिठ्ठी चालू

आमच्या विंचूरच्या शिवारात एक सामाईक विहीर आहे. वाटेकरी दोन घरं, एकाच भावकीतली. बांधावरून वाद झाला, कोर्टात तारखा सुरू झाल्या आणि बोलणं बंद पडलं. आता लग्नाची पत्रिकासुद्धा या घरातून त्या घरात जात नाही. पण कांद्याला पाणी तर द्यायचंच असतं. म्हणून कोणाची मोटार कोणत्या वारी, किती तास, हे चिठ्ठीवर लिहून पोरांच्या हाती पलीकडे जातं. चिठ्ठीवर साधा नमस्कारही नसतो. नुसते वार आणि तास.

मे २०२५ मध्ये कॉलेजचा ग्रुप रात्रभर जागा होता, तेव्हा मला ही विहीर आठवत होती. ‘यांच्याशी बोलायचंच कशाला?’ असं प्रत्येक दुसरा जण लिहीत होता. राग खोटा नव्हता. २२ एप्रिलला पहलगाममध्ये २६ जणांना मारलं, त्यात आपल्या महाराष्ट्रातलेही होते. मीही चिडलेलीच होते. पण १० मे रोजी गोळीबार थांबवायचं ठरलं ते एका फोनवर. दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी पाकिस्तानच्या डीजीएमओंनी आपल्या डीजीएमओंना फोन केला आणि संध्याकाळी ५ पासून थांबायचं ठरलं, असं परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी सांगितलं. डीजीएमओ म्हणजे लष्करी कारवायांचे महासंचालक. या दोघांमधली हॉटलाइन १९७१ च्या युद्धानंतरची आहे.

अशा चिठ्ठ्या आणखी आहेत. एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला करायचा नाही, असा करार ३१ डिसेंबर १९८८ ला झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुप्रकल्पांची यादी एकमेकांना देतात. कारगिल झालं, २६/११ झालं, यादी चुकली नाही. हे मला इंटर्नशिपला लागेपर्यंत माहीतही नव्हतं.

याची गरज काय, हे ९ मार्च २०२२ ला दिसलं. आपलं एक क्षेपणास्त्र चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. जीवितहानी झाली नाही. तांत्रिक बिघाडामुळे ते सुटलं, हे भारताने दोन दिवसांनी जाहीर केलं. समोरच्याने तो हल्ला समजला असता तर? दोघांकडेही अणुबॉम्ब आहेत, आणि विचार करायला वेळ मिळतो तो मिनिटांत.

आणि यादीत नाव असणं म्हणजे काय, हे पालघर-डहाणूच्या मच्छीमारांच्या घरी विचारावं. तिथली पोरं गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात काही बांध घातलेला नसतो. बोट हद्दीपलीकडे गेली की थेट कराचीचा तुरुंग. २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या देतात. लढाई थांबून दोन महिनेही झाले नव्हते, तरी १ जुलै २०२५ ला याद्या दिल्या गेल्या. पाकिस्तानच्या यादीत १९३ मच्छीमार होते. माणूस जिवंत आहे, हे घरच्यांना कळायला तेवढा एक कागद असतो.

हे सगळं घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “म्हणजे आता त्यांचा कांदा आणायचा का?” लासलगाव बाजार समितीचं उपबाजार आवार आमच्या गावात, त्यामुळे हा प्रश्न येणारच! २०१९ मध्ये एमएमटीसीच्या कांदा आयातीच्या निविदेत पाकिस्तानचं नाव होतं. शेतकऱ्यांनी विरोध केला, नाव वगळलं गेलं. मला विचाराल तर ते बरोबरच झालं. पण कांदा घेणं वेगळं आणि चुकून गोळी सुटली तर कोणाला फोन करायचा हे ठरवणं वेगळं. त्याला मैत्री लागत नाही.

माझ्या मते नुसत्या याद्यांवर भागतही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वसमावेशक चर्चा सुरू करायचं ठरलं होतं. महिन्याभरात पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला झाला आणि ते तिथेच राहिलं. २३ एप्रिल २०२५ ला भारताने १९६० चा सिंधू पाणी करारही स्थगित केला. तो १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टिकला होता.

अशा वेळी बोला म्हणणाऱ्याला लगेच भित्रा ठरवतात. अ‍ॅडमिरल रामदास यांना काय म्हणणार मग? १९७१ च्या युद्धात त्यांना वीरचक्र मिळालं, पुढे ते नौदलप्रमुख झाले. निवृत्तीनंतर अलिबागजवळच्या गावात राहून त्यांनी दोन्ही देशांतल्या लोकांना एकत्र बसवायचं काम केलं. २००४ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना आणि पाकिस्तानच्या आय. ए. रहमान यांना मिळून मिळाला. २०२४ मध्ये रामदास गेले.

आमच्या विहिरीवरची पाइपलाइन गेल्या महिन्यात फुटली. दुरुस्तीला कोणी किती पैसे घालायचे, हे वार-तासांच्या चिठ्ठीत बसत नाही. दोन्ही घरं अजून थांबलेली आहेत आणि कांद्याचं रोप लावायला आलंय.