उंडेऱ्याच्या लशीपासून कातडीतल्या पेशींपर्यंत

फेब्रुवारी 1898. बडोद्याजवळच्या उंडेरा गावात प्लेग शिरला होता. मुंबईत प्लेगची लस तयार करणारे डॉ. वाल्डेमार हाफकिन तिथे आले आणि त्यांनी एकेका कुटुंबातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस टोचली. घर एक, चूल एक, उंदीरही तेच. फरक फक्त सुईचा.

काही आठवड्यांनी मोजदाद झाली. ज्या 28 कुटुंबांना प्लेगने गाठले, त्यांत लस टोचलेली 71 माणसे होती आणि न टोचलेली 64. टोचलेल्यांपैकी 8 जणांना प्लेग झाला, 3 दगावले. न टोचलेल्यांपैकी 27 जणांना झाला आणि त्यातले 26 गेले. इतकी स्वच्छ तुलना त्या काळात क्वचितच झाली असेल. उंडेऱ्याचे नाव बडोद्याच्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असायला हवे.

लस बनायची बोकडाच्या मांसाच्या रसात. वर तुपाचे थेंब तरंगत, त्यांना धरून जंतू खाली लोंबत वाढत. मग ते उष्णतेने मारले जात. टोचल्यावर दंड सुजायचा, ताप भरायचा. पण आत नेमके कोण कामाला लागते? हाफकिन यांचे गुरू मेचनिकॉव्ह यांना जंतू गिळणाऱ्या पेशी 1882 मध्येच दिसल्या होत्या. मात्र गिळलेल्या शत्रूची खबर बाकीच्या फौजेला कोण देते, हे कोडे राहिलेच.

त्याचे उत्तर कातडीत दडले होते. 1868 मध्ये बर्लिनमधल्या पाउल लँगरहान्स या वैद्यकीच्या विद्यार्थ्याला त्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याने त्या मज्जातंतूंच्या मानल्या. पुढे 1973 मध्ये न्यूयॉर्कला राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी उंदराच्या प्लीहेत तशाच फांद्यांच्या पेशी ओळखल्या आणि त्यांना डेंड्रायटिक पेशी म्हटले. या पेशी जंतूचा तुकडा उचलतात, काखेतल्या वा जांघेतल्या लसिकाग्रंथीत नेतात आणि तिथल्या टी-पेशींना दाखवतात. तिथून लढाईची तयारी सुरू होते.

स्नायूपेक्षा त्वचेत अशा पेशी दाट असतात. म्हणून लस त्वचेच्या थरातच दिली, तर थोडक्यात भागते. कुत्रा चावल्यावरची रेबीजची लस दंडात दिली तर एका वेळी अख्खी कुपी लागते. त्वचेत दोन ठिकाणी प्रत्येकी 0.1 मिलिलिटर पुरते. सुई कातडीला जवळजवळ आडवी धरून आत सरकवतात आणि बारीक फोड उठला की लस नेमकी जागी पडली असे समजतात. भारतात या पद्धतीला 2006 मध्ये मान्यता मिळाली. एका कुपीत अनेकांचे भागते, आणि जिथे लशीचा तुटवडा असतो तिथे हे फार मोलाचे आहे.

अहमदाबादच्या झायडसची कोविडवरची डीएनए लस याच वाटेने गेली. ऑगस्ट 2021 मध्ये आणीबाणीच्या वापरासाठी परवानगी मिळालेली ही लस सुईविना, द्रवाच्या जोरदार फवाऱ्याने त्वचेत जाते.

अमेरिकेने 2010 मध्ये मान्य केलेल्या एका उपचारात तर प्रोस्टेट कर्करोगाच्या रुग्णाच्याच रक्तातून अशा पेशी काढून, त्यांना गाठीची ओळख करून देऊन परत सोडतात. पण दर रुग्णामागे ही लस नव्याने घडवावी लागते. अख्ख्या गावाला टोचायची असेल, तर पेशी शरीराबाहेर न काढता त्वचेतच गाठाव्या लागतील. संशोधकांचा बराच जोर आता त्यावर आहे.