गुलाल एकच, हिशेबाचे रंग छप्पन्न

चैत्र यात्रा तोंडावर आली की जोतिबाच्या वाटेला सासनकाठ्या लागतात आणि गावोगावच्या मंडळांत वर्गणीचे हिशेब उघडतात. वही केव्हाच गेली, आता एक्सेल. आमच्या मंडळाची फाइल परवा पाहिली. एका गल्लीचा मथळा पिवळा, दुसरीचा गुलाबी. रकमा कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला, माणूस कुठल्याही गावचा असो, गुलालाने एका रंगाचा होतो. आमच्या फाइलवर ती कृपा झालेली नाही.

रंगाचा तो ब्रश, फॉरमॅट पेंटर, सगळ्यांना ठाऊक असतो. पण एकदा क्लिक केला तर तो एकदाच चालतो. डबल क्लिक केला तर एस्केप दाबेपर्यंत हातातच राहतो. एवढे कळायला माझी दहा वर्षे गेली. यादी निवडून कंट्रोल-टी दाबले की तिचे टेबल होते आणि खाली नवे नाव लिहिले की ती ओळ आपोआप वरच्यांसारखी सजते. ज्यांची बाकी आहे त्यांना हाताने लाल करत बसू नका. ते काम कंडिशनल फॉरमॅटिंगचे; पैसे जमा झाले की लाल रंग आपला आपण जातो.

माझा खरा जीव मात्र ‘सेल स्टाइल्स’वर, आणि तिकडे कुणी फिरकत नाही. सासनकाठ्यांच्या मिरवणुकीत पहिला मान सातारा जिल्ह्यातल्या निनाम पाडळीच्या काठीचा. काठीला यंदा कापड कोणते गुंडाळले, यावर तो ठरत नाही. मान आधी, सजावट मागून. स्टाइलचेही तसेच. ‘मथळा’, ‘रक्कम’, ‘एकूण’ अशी नावे देऊन एकेकाचे रूप एकदाच ठरवायचे आणि ज्या त्या चौकटीला तिचा मान द्यायचा. उद्या अध्यक्षांना पिवळ्याऐवजी भगवा हवा झाला, तर स्टाइलवर राइट क्लिक करून ‘मॉडिफाय’ करा; सगळ्या पानांवरचे मथळे एका दमात बदलतात. पुढच्या वर्षीच्या फाइलमध्ये याच स्टाइल ‘मर्ज स्टाइल्स’ने ओढून घेता येतात.

एक धोका मराठी याद्यांचाच. ब्रश रंगाबरोबर फॉन्टही नेतो. नावे जुन्या, युनिकोडपूर्व श्रीलिपीत टाइप केलेली असतील, तर फॉन्ट बदलताच पाटील, चौगुले, गुरव सगळ्यांची चिन्हांची खिचडी होते. आधी यादी युनिकोडमध्ये आणा, रंगरंगोटी नंतर. आणि ते ‘मर्ज अँड सेंटर’ यादीच्या मधल्या ओळींत नकोच. चौकटी जोडल्या की नावे अकारविल्हे लावताना एक्सेल अडून बसते.

डोंगर चढायला निघण्याआधी फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि मगच ब्रश हातात घ्या.