पेटंटचा हक्क, न्यायालयाचा तराजू आणि आपले बालरुग्ण

स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रोफी या जनुकीय विकाराचे निदान आईवडिलांना सांगणे हा बालरोगतज्ज्ञाच्या वाट्याला येणारा अत्यंत कठीण प्रसंग होय. पहिल्या प्रकारच्या विकारात उपचार न मिळाल्यास बहुतेक अर्भके श्वसनयंत्राच्या आधाराविना दुसरा वाढदिवस पाहत नाहीत. रिस्डिप्लाम या तोंडाने देता येणाऱ्या औषधाने आशा निर्माण केली; परंतु रोश कंपनीच्या एका बाटलीची किंमत सुमारे सहा लाख रुपये होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बाजारात आणण्याची तयारी करताच रोशने पेटंटभंगाचा दावा दिल्ली उच्च न्यायालयात दाखल केला. अशा दाव्यांत नेमके काय घडते, हे आपण डॉक्टरांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

बडोद्याला हा विषय परका नाही. १९०७ साली प्रा. गज्जर, प्रा. कोटीभास्कर आणि भाईलाल अमीन यांनी अलेम्बिकची स्थापना केली, तेव्हापासून औषधनिर्मिती हा या नगरीचा एक प्रमुख व्यवसाय आहे. १९७० च्या कायद्याने औषधाच्या केवळ निर्मितिप्रक्रियेलाच पेटंट मिळे. १ जानेवारी २००५ पासून प्रत्यक्ष औषधालाही ते मिळू लागले. त्याची मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षांची असते. या काळात इतरांना ते औषध बनविण्यास वा विकण्यास प्रतिबंध करण्याचा हक्क धारकास असतो.

मात्र हा हक्क पोलीस बजावून देत नाहीत. आपल्याकडे पेटंटभंग हा दिवाणी स्वरूपाचा वाद आहे. धारकाने स्वतः न्यायालयात जाऊन मनाईहुकूम, तसेच नुकसानभरपाई किंवा प्रतिपक्षाच्या नफ्याचा हिशेब मागावयाचा असतो. प्रतिपक्षालाही ‘हे पेटंट मुळातच वैध नाही’ असा बचाव करता येतो. अंतिम निर्णयास वर्षे लागत असल्याने खरी लढाई होते ती अंतरिम मनाईहुकुमासाठी. तेथे प्रथमदर्शनी बाजू कोणाची भक्कम, गैरसोय कोणाची अधिक आणि भरून न येणारी हानी कोणाची, हे तीन प्रश्न पाहिले जातात.

मुंबईच्या सिप्ला कंपनीविरुद्ध रोशने केलेला दावा या बाबतीत मार्गदर्शक ठरला. फुप्फुसाच्या कर्करोगावरील एर्लोटिनिबची रोशची गोळी ४,८०० रुपयांना, तर सिप्लाची १,६०० रुपयांना मिळत होती. मार्च २००८ मध्ये न्यायालयाने पेटंटच्या वैधतेवरील आक्षेपांबरोबरच रुग्णांचे हितही विचारात घेऊन अंतरिम मनाई नाकारली. तथापि, नोव्हेंबर २०१५ मध्ये खंडपीठाने सिप्लाकडून पेटंटभंग झाल्याचा निर्णय दिला. पेटंटची मुदत मार्च २०१६ मध्ये संपणार असल्याने विक्री थांबविली नाही. पण नफ्याचा हिशेब देण्यास सांगितले. औषध स्वस्त असणे हा पेटंटभंगाचा परवाना नव्हे, हे यातून स्पष्ट झाले.

रिस्डिप्लामच्या दाव्यात २४ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. रोशच्याच आधीच्या पेटंटच्या आधारे हे संयुग तज्ज्ञाला सहज सुचण्याजोगे होते, हा आक्षेप न्यायालयास प्रथमदर्शनी ग्राह्य वाटला. ९ ऑक्टोबरला खंडपीठाने हा आदेश कायम केला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप करण्यास नकार दिला. नॅटकोने आपल्या बाटलीची किंमत १५,९०० रुपये ठेवली. हे आदेश अंतरिम टप्प्यावरचे होते, हे मात्र विसरता कामा नये.

संशोधनावर मोठा खर्च होतो; त्यास संरक्षण न मिळाल्यास पुढील औषधे निर्माण कशी होणार? आज प्रतिवादी असलेल्या भारतीय कंपन्या उद्या स्वतःच्या शोधासाठी वादी म्हणून उभ्या राहतील. आपले काम न्यायनिवाड्याचे नसून रुग्णास योग्य माहिती देण्याचे आहे. ‘जेनेरिक’, ‘पेटंटभंग करणारे’ आणि ‘बनावट’ या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. बनावट औषध विकणे हा औषध कायद्याखालील फौजदारी गुन्हा आहे. पेटंटवरून वाद चालू असलेले, परंतु औषध नियंत्रकांची मान्यता असलेले औषध बनावट ठरत नाही. स्वस्त बाटली हाती घेऊन ‘डॉक्टरसाहेब, हे खरे औषध आहे ना?’ असे विचारणाऱ्या पालकांस हा भेद शांतपणे समजावून सांगणे, हे आपले कर्तव्य आहे.