गाळाची जमाबंदी

ज्या मातीवर तंजावरचे भात पिकते ती माती मुळात तंजावरची नाही. कोडगूच्या डोंगरउतारांवरून, म्हैसूरच्या पठारावरून आणि निलगिरीच्या दऱ्याखोऱ्यांतून पावसाने सुटी केलेली, कावेरीने व तिच्या उपनद्यांनी दूरवरून वाहून आणलेली आणि शतकानुशतके थरावर थर चढवीत समुद्रालगत पसरलेली ती माती आहे. जमिनीची धूप म्हणजे निव्वळ नुकसान, असे आपण शाळेपासून ऐकत आलो. पण वरच्या मुलखाचे हे नुकसान नसते, तर तंजावर नावाचा सुपीक प्रांतच अस्तित्वात आला नसता. धूप किती व्हावी, कोठे व्हावी आणि सुटलेली माती शेवटी कोणाच्या पदरी पडावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ शेतकीशास्त्राचा राहत नाही. तो महसुलाचा, कायद्याचा आणि राज्याराज्यांतील सरहद्दींचाही होतो.

तंजावरच्या भोसल्यांना या प्रश्नाची झळ चांगलीच ठाऊक होती. त्रिचनापल्लीपाशी कावेरीचे दोन फाटे होतात. त्यांपैकी उत्तरेकडील कोल्लिडमचे पात्र अधिक सखोल व अधिक उताराचे, त्यामुळे पाण्याचा कल स्वभावतःच तिकडे. उलट कावेरीचे पात्र संथ, म्हणून त्यात गाळ बसे, तळ वर येई आणि दरसाल थोडेथोडे अधिक पाणी तंजावरकडे पाठ फिरवून समुद्राला मिळे. दोन पात्रांमधील बांध वेळच्या वेळी दुरुस्त केल्याखेरीज तंजावरच्या रयतेला पाणी मिळणे अशक्य होते, आणि नेमका तो बांध अर्काटच्या नबाबाच्या हद्दीत होता. १७६४ च्या सुमारास तुळजाजी राजे आणि नबाब महंमद अली यांच्यात या मरामतीवरून जो तंटा माजला, तो मद्रासेस कंपनी सरकारपुढे गेला आणि शेवटी राजांना दुरुस्तीची मुभा मिळाली. म्हणजे जमीन एकाची, पाण्याचे दार दुसऱ्याच्या मुलखात आणि निवाडा तिसऱ्याकडे, ही आजच्या वाचकास परिचित वाटणारी स्थिती अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी तेथे पुरती सिद्ध झालेली होती.

पुढे कंपनीचा अंमल आल्यावर सर आर्थर कॉटन या इंजिनियराने करिकाल चोळाच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या प्राचीन कल्लणै बंधाऱ्याचा बारकाईने अभ्यास केला, भुसभुशीत वाळूतही दगडी बंधारा कसा टिकतो हे त्यावरून जाणून घेतले आणि १८३६ मध्ये मुक्कोंबू येथे कोल्लिडमवर वरचा बंधारा उभा केला. कावेरीत पाणी वळले खरे, परंतु ते इतक्या जोराने घुसू लागले की आजवर गाळाने भरणारे तिचे मुख आता उलट खरवडले जाऊ लागले, आणि काही वर्षांतच तिच्याही पात्रात आडवा बांध घालून तो वेग आवरावा लागला. नदीच्या एका ठिकाणी केलेला उपाय दुसऱ्या ठिकाणी नवा प्रश्न निर्माण करतो. पाण्याबरोबर गाळाचाही तोल राखावा लागतो, हा धडा तंजावरच्या वेशीवर असा प्रत्यक्ष मिळाला.

मात्र तोल राखावयाचा तर आधी मोजमाप हवे. धूप मोजण्याची मूळ रीत अगदी साधी आहे. उतारावर जमिनीचा एक लांबट तुकडा आखतात, चहूबाजूंनी पत्र्याच्या वा सिमेंटच्या कडा रोवून बाहेरचे पाणी आत येऊ देत नाहीत, आणि खालच्या टोकाशी हौद बांधतात. पाऊस पडून गेला की हौदातील पाण्याची उंची घेतात, ते चांगले ढवळून त्यातील बाटलीभर पाणी काढतात, गाळून, भट्टीत वाळवून उरलेली माती तराजूत टाकतात. आपल्याकडे १९३३ मध्ये सोलापुरास कोरडवाहू शेतीचे जे संशोधन केंद्र निघाले, तेथे अशा प्रकारच्या निरीक्षणांतून बांधबंदिस्तीचा विचार पुढे आला, आणि १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना कायद्याने त्या विचाराला सरकारी अधिकाराचे बळ मिळाले. तराजूतील मातीपासून कायद्याच्या कलमापर्यंतचा हा प्रवास आपल्याच मुलखात घडलेला आहे.

प्रत्येक शेतात हौद बांधणे अर्थातच अशक्य. म्हणून अमेरिकेत विश्मायर आणि स्मिथ या दोघा संशोधकांनी अशा हजारो नोंदी एकत्र करून १९६५ मध्ये एक सर्वसाधारण सूत्र मांडले, ज्यात पावसाची मारकशक्ती, मातीची झिजण्याची प्रवृत्ती, उताराची लांबी व चढ, पिकाचे आच्छादन आणि संवर्धनाचे उपाय या घटकांचा गुणाकार केला की हेक्टरी वार्षिक धूप किती टन, याचा अंदाज निघतो. सुमारे बावीस मीटर लांबीचा आणि शेकडा नऊ उताराचा उघडा, नांगरलेला तुकडा हे त्या सूत्राचे मूळ परिमाण होय. उपग्रहाने टिपलेले आच्छादन, उंचसखलपणाचा अंकीय नकाशा आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी यांच्या जोरावर आता हाच गुणाकार संपूर्ण खोऱ्यासाठी चौकटीचौकटीने संगणक करतो. ध्रुव नारायण आणि राम बाबू यांनी १९८३ मध्ये देशाचा जो अंदाज प्रसिद्ध केला, त्यानुसार भारतात दरसाल ५३३ कोटी टनांहून अधिक माती जागची हलते. सरासरी हेक्टरी १६.४ टन, म्हणजे सबंध शेतावरून सुमारे सव्वा मिलिमीटरचा पापुद्रा. त्यातील एकसष्ट टक्के माती एका जागेवरून दुसरीकडे जाऊन थांबते, दहा टक्के धरणांत बसते आणि एकोणतीस टक्के समुद्रात जाते. आपल्या देशातील जमिनी साधारणतः हेक्टरी अडीच ते साडेबारा टनांपर्यंतची झीज सोसू शकतात, असे शास्त्रज्ञ मानतात. ही मर्यादा जेथे ओलांडली जाते तेथे आधी निधी द्यावा, ही नियोजनाची सर्वमान्य वाट आहे.

या गुणाकारातून निघणारा धुपीचा नकाशा घेऊन आपण तंजावरात उतरलो, तर मात्र एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते. निलगिरीच्या ज्या उतारांवर बटाट्यासारखी पिके घेतली जातात तेथे धुपीचा रंग गडद, कोडगूच्या तीव्र चढांवर तो चिंताजनक, वल्लमच्या तांबड्या माळाकडे किंचित; आणि कल्लणैच्या खालचा सपाट, बांधाबांधाने अडवलेला भातपट्टा जवळजवळ निर्धास्त. उतारच नाही म्हटल्यावर गुणाकार शून्याकडे झुकणारच. परंतु सूत्र मोजते ते शेतावरून पापुद्र्याने आणि बारीक ओघळींनी जाणाऱ्या मातीला. नदीचा काठ ढासळणे, पात्राचा तळ खोल जाणे, कालव्यात गाळ साचणे आणि समुद्राने किनारा खाणे यांपैकी काहीही त्याच्या हिशेबात येत नाही. २२ ऑगस्ट २०१८ रोजी ऐन पुरात मुक्कोंबूच्या त्याच कॉटनी बंधाऱ्याचा एक भाग कोसळला, तेव्हा धुपीच्या नकाशावर त्या जागेला धोक्याचा रंग असण्याचे कारणच नव्हते. नकाशा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो, आणि त्रिभुज प्रदेशासाठी तो प्रश्न अपुरा आहे.

अपुरा प्रश्न पुरा करावयाचा तर शेताचा हिशेब नदीच्या हिशेबाशी जुळवून पाहिला पाहिजे. त्रिचनापल्लीच्या वरच्या अंगास मुसिरी येथे केंद्रीय जल आयोगाचे मापनकेंद्र आहे. अशा केंद्रांवर साधारणतः पात्राच्या खोलीच्या सहा दशांशांवर बाटली सोडून पाणी घेतात, आणि त्यातील भरड, मध्यम व बारीक कण चाळून वेगळे तोलतात. डोंगरावर इतकी माती सुटली, मुसिरीपाशी इतकीच पोहोचली. मग मधली कोठे गेली? या वजाबाकीचे मोठे उत्तर धरणांच्या तळाशी आहे. कृष्णराजसागर आणि १९३४ मध्ये पूर्ण झालेले मेट्टूर ही धरणे पाणी सोडतात, गाळ धरून ठेवतात. डोंगराची माती धुपून जाते आणि तरीही तंजावरला ती मिळत नाही, असा हा दुहेरी तोटा आहे. मेट्टूरचा गाळ धरण झाल्यापासून प्रथमच काढण्यास २०१७ मध्ये प्रारंभ झाला आणि शेतकऱ्यांना तो शेतात टाकण्यासाठी देऊ केला गेला; त्याच वर्षी महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना निघाली. दोन्ही उपक्रम स्तुत्य खरे. परंतु जे काम नदी फुकट करीत असे ते यंत्रांनी आणि मालमोटारींनी करावयाचे, तर प्रतिवर्षी भरणाऱ्या गाळाच्या तुलनेत काढलेला गाळ किती, हे विचारल्यावाचून त्यांचे मोल ठरत नाही.

कायद्याच्या बाजूनेही हीच उणीव दिसते. तमिळनाडू सरकारने २०२० मध्ये संरक्षित कृषिक्षेत्राचा कायदा करून तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम आणि भोवतालच्या काही भागांत खनिज तेल व वायूचे नवे उद्योग आणि तत्सम प्रकल्प यांना मज्जाव केला. शेतजमिनीचा पृष्ठभाग त्याने राखला जाईल. पण ती जमीन ज्या गाळावर पोसली जाते त्याचा उगम या कायद्याच्या हद्दीबाहेर, बराचसा दुसऱ्या राज्यात आहे. पाण्याच्या वाटपाची कथाही निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये तमिळनाडूचा वाटा ४०४.२५ आणि कर्नाटकाचा २८४.७५ अब्ज घनफूट असा दशांशापर्यंत काटेकोर ठरवून दिला, समुद्राला अपरिहार्यपणे जाणाऱ्या चार अब्ज घनफुटांचीही नोंद केली. गाळाचा वाटा मात्र कोणाच्याच नावे मांडलेला नाही.

नवे खाते उभारण्याची यासाठी गरज नाही. निलगिरीतील उटकमंड येथे मृदासंधारणाचे केंद्र आहे, जमिनींच्या सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय नागपुरास आहे, नदीवर जल आयोगाची माणसे आहेत आणि पाण्याच्या विनियोगावर देखरेख करणारे कावेरी प्राधिकरणही स्थापन झालेले आहे. प्राधिकरणाकडे धरणांतील साठ्याचे आणि सोडलेल्या पाण्याचे आकडे येतात, त्याच तक्त्यात गाळाचा एक रकाना घालावा: वरून किती आला, धरणात किती बसला, खाली किती गेला. तो रकाना दहा वर्षे सलग भरला गेला, तर कोडगूत उतारबांधणीवर होणारा खर्च तंजावरच्या हिताचा की अहिताचा, धरणाच्या तळाची दारे पुरात केव्हा उघडावीत, वाळू उपशाची परवानगी कोठे नाकारावी, या प्रश्नांना अंदाजाऐवजी आकड्यांनी उत्तर देता येईल. जमिनीचे धोरण सातबाऱ्यावर आखले जाते, हे रास्तच आहे. परंतु त्रिभुज प्रदेशाचा सातबारा नदीच्या संपूर्ण लांबीवर पसरलेला असतो, हे धोरणकर्त्यांनी मान्य केल्यावाचून तो कधीच पुरा वाचला जाणार नाही.