पिल्लू अजून पडायला शिकतंय
मांजर कसंही पडलं तरी चार पायांवरच उतरतं, या समजुतीपायी बाल्कनीचं दार उघडं राहतं. १८९४ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यांनी पडत्या मांजराची ओळीने छायाचित्रं घेतली, तेव्हा हवेतली गिरकी उलगडली: आधी डोकं वळतं, मग पुढचं धड, शेवटी मागचं. ही कला पिल्लाला ३-४ आठवड्यांनी येऊ लागते, ६-७ आठवड्यांत पक्की होते. शिवाय वळायला उंची लागते. लहान मुलाच्या हातून निसटलेल्या पिल्लाला ती मिळतच नाही. म्हणून मुलांना खाली बसवूनच पिल्लू मांडीवर द्या. खिडकीला घट्ट जाळी हवीच, ग्रिलच्या गजांतून ते सहज निसटतं. पडलंच, तर रक्त दिसत नाही म्हणून थांबू नका. छातीतला मार बाहेरून दिसत नाही. लगेच पशुवैद्यांकडे न्या.