खुब्याचा नवा सांधा आणि त्याभोवतीचे हाड

खुब्याचा सांधा बदलून नागपूरहून काटोलला परतल्यावर दुखणे थांबते, काठी सुटते. मग पुढील तपासणीसाठी पुन्हा प्रवास कशाला, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कृत्रिम सांध्याची धातूची दांडी ज्या हाडात बसवलेली असते, ते हाड जिवंत असून सतत बदलत असते.

हाडावर जसा भार पडतो तशी त्याची घडण होते, हा सिद्धांत जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडला. लांब दांडी शरीराचा भार मांडीच्या हाडात खालवर नेते. वरच्या भागाला काम उरत नाही आणि तो विरळ होतो. आखूड दांडी भार वरच्या भागातच पडावा आणि मूळ हाड अधिक राखले जावे, यासाठी घडवलेली आहे. मात्र मुळात हाडे ठिसूळ असल्यास शल्यविशारद वेगळी दांडी निवडू शकतात.

आखूड दांडीनेही झीज पूर्णपणे टळत नाही. पहिल्या वर्षात दांडीच्या वरच्या टोकाजवळ हाडाची घनता काहीशी घटते आणि पुढे बहुधा स्थिरावते. एवढ्यावरून शस्त्रक्रिया फसली असे समजू नये. चिंता असते ती पुढे वाढत जाणाऱ्या झिजेची. सांध्याच्या अस्तराचे सूक्ष्म कणही हाड पोखरू शकतात आणि हे पुष्कळदा न दुखता घडते. दांडी सैल झाली किंवा पडल्याने तिच्याजवळ हाड मोडले, तर पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया अधिक अवघड ठरते.

म्हणून ठरलेल्या तारखांना क्ष-किरण तपासणी करावी आणि जुनी छायाचित्रे जपून सोबत न्यावीत. डॉक्टर दोहोंची तुलना करतात. त्यांनी परवानगी दिलेल्या बेताने रोज चालावे. संत्र्यांतून क जीवनसत्त्व मिळते. पण कॅल्शियमसाठी दूध, दही, तीळ हवेत. ड जीवनसत्त्वाची पातळी तपासून घ्यावी. हाडांची औषधे स्वतःहून सुरू अथवा बंद करू नयेत. न्हाणीघरात धरायला दांडा आणि रात्री वाटेवर दिवा असावा.

बसून उठताना पहिल्या पावलांना मांडीत किंवा जांघेत कळ आली, पाय आखूड वाटू लागला किंवा चाल लंगडी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे. पडल्यानंतर पायावर भार देता येत नसेल, तर रुग्णाला चालवू नये. तातडीने रुग्णालयात न्यावे.