बाळ एका बाजूने रांगते तेव्हा…

घरोघरच्या देव्हाऱ्यातील रांगता बाळकृष्ण नीट न्याहाळला, तर एक गोष्ट ध्यानात येते. त्याचा एक हात जमिनीवर, तर दुसऱ्या हातात लोण्याचा गोळा असतो. एक गुडघा टेकलेला आणि दुसरा पाय मुडपून उभा असतो. देवाच्या मूर्तीत ही ढब लोभस वाटते. घरातले आठ-नऊ महिन्यांचे बाळ तसेच रांगू लागले, एक पाय मुडपून दुसऱ्या पायाने रेटा देत किंवा एक बाजू मागे ओढत पुढे सरकू लागले, की मात्र कुटुंबात दोन तट पडतात. आजी म्हणते, ‘आता कुठे पाय फुटलेत, आपोआप सरळ होईल.’ आईबाबा मोबाइलवर शोध घेतात आणि रात्रभर जागतात.

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. बहुतेक बाळांच्या बाबतीत ही निव्वळ सवय असते आणि घरातल्या साध्या खेळांनी ती मोडते. थोड्या बाळांच्या बाबतीत मात्र ती खुबा, मान किंवा मेंदूशी संबंधित दोषाची पहिली दृश्य खूण असते आणि तिथे वाट पाहण्यात मोलाचा काळ हातचा जातो. म्हणून पालकांनी विचारायचा खरा प्रश्न ‘बाळ वाकडे का रांगते?’ हा नाही. बाळ दुसरी बाजू वापरत नाही, की वापरू शकत नाही, हा आहे.

रांगण्यामागचे गणित

हात-गुडघ्यांवर रांगणे दिसते तितके सोपे नसते. उजवा हात पुढे टाकायचा, तर शरीराचा भार आधी डाव्या हातावर घ्यावा लागतो. त्याच सुमारास डावा गुडघा पुढे येतो. मग हाच क्रम उलट बाजूने होतो. उजवा हात व डावा गुडघा, डावा हात व उजवा गुडघा अशी ही तिरकी जोडी असते. त्यासाठी तळवे उघडे हवेत, खांद्यांत बळ हवे, कमरेला पीळ घेता यायला हवा आणि दोन्ही खुबे मोकळे हवेत. यातील एकही कडी कच्ची असली, की बाळ स्वतःची पळवाट शोधते. खेळण्यापर्यंत पोहोचणे एवढेच त्याचे उद्दिष्ट असते; रांगण्याच्या शुद्धतेशी त्याला काही देणेघेणे नसते.

म्हणूनच रांगण्याच्या तऱ्हा अनेक. कोणी पोटावर सरपटते, कोणी आधी मागे मागे जाते, कोणी गुडघे उचलून अस्वलासारखे चालते, कोणी बसल्या जागेवरून बुडावर सरकते. भारतासह घाना, नॉर्वे, ओमान व अमेरिका या पाच देशांतील बाळांचा अभ्यास करून जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार निरोगी बाळे सुमारे सव्वापाच ते साडेतेरा महिन्यांच्या दरम्यान केव्हाही हात-गुडघ्यांवर रांगू लागतात आणि सुमारे ४.३ टक्के बाळे तसे कधी रांगतच नाहीत. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२२ मध्ये विकासाच्या टप्प्यांची सुधारित यादी केली, तेव्हा रांगणे त्यातून वगळले, तेही बाळागणिक इतका फरक पडतो म्हणूनच. मुदतीआधी जन्मलेल्या बाळाचे वय तर जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित प्रसूतीच्या तारखेपासून मोजावे लागते.

थोडक्यात, उशिरा रांगणे किंवा न रांगणे ही एकटीच काळजीची गोष्ट नाही. शरीराच्या दोन बाजूंत सतत दिसणारा फरक मात्र दुर्लक्षू नये.

फरक कशाने पडतो?

पहिले कारण पायाखालीच असते. आजच्या घरांतील गुळगुळीत फरशीवर गुडघा निसटतो. एकदा-दोनदा घसरल्यावर बाळ एक तळपाय टेकून रेटा द्यायला शिकते आणि तीच सवय जडते. सैल पायजमा गुडघ्याखाली अडकतो. मोज्यांमुळे पाय सरकतो.

दुसरे कारण रोजच्या हाताळणीचे. बाळाला नेहमी एकाच कडेवर घेतले, दूध पाजताना नेहमी एकाच कुशीवर ठेवले, पाळणा भिंतीला लागून असल्याने खोलीतली सगळी हालचाल त्याला एकाच बाजूला दिसत राहिली, तर मान व धड त्या बाजूला वळण्यात तरबेज होते आणि दुसरी बाजू मागे पडते. काही बाळांच्या मानेचा एक स्नायू जन्मापासूनच आखडलेला असतो. डोके एका खांद्याकडे कलते, हनुवटी दुसरीकडे वळते. अशा बाळाचे लोळणेही एकाच दिशेने होते आणि पुढे रांगणेही.

तिसरी कारणे विरळ, पण गंभीर असतात. एक म्हणजे खुब्याचा जन्मजात दोष. यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसलेला नसतो. पायाळू जन्मलेली बाळे, मुली, पहिलटकरणीची बाळे आणि कुटुंबात हा दोष आधी असलेली बाळे यांत त्याचा संभव अधिक असतो. हा दोष तान्ह्या बाळाला सहसा दुखत नाही, म्हणून ते रडत नाही आणि घरच्यांना संशयही येत नाही. दुसरे कारण मेंदूच्या एका भागाला जन्माच्या आगेमागे झालेली इजा. त्यामुळे शरीराच्या एका बाजूचा हात व पाय आखडतो किंवा दुर्बळ राहतो.

आधी निरीक्षण, मग उपाय

चार-पाच दिवस बाळाकडे बारकाईने पाहावे. पुढून, मागून आणि बाजूने मोबाइलवर छोटे चित्रण करून ठेवावे. डॉक्टरांपुढे बाळ रांगायला नकार देते, तेव्हा हेच चित्रण कामी येते. पाहायच्या गोष्टी पुढीलप्रमाणे:

• दोन्ही हातांचे तळवे जमिनीवर उघडे पडतात का, की एक मूठ मिटलेलीच राहते?
• बाळ दोन्ही कुशींवर वळते का? बसल्यावर दोन्ही बाजूंना वळून वस्तू उचलते का?
• उताणे असताना दोन्ही पाय सारख्याच जोमाने झाडते का?
• लंगोट बदलताना दोन्ही मांड्या सारख्याच फाकतात का? गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर टेकवले, तर एक गुडघा खाली दिसतो का?
• आधाराने उभे केल्यावर दोन्ही टाचा टेकतात का?

एकांगी रांगणारे बाळ खेळताना, लोळताना, बसताना दोन्ही बाजू सहज वापरत असेल, तर ती सवय समजावी. तीच बाजू सगळीकडे मागे पडत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तपासणी करून घ्यावी.

घरी करता येण्याजोगे

जमीन प्रथम नीट करावी. न सरकणारी जाड चटई किंवा दुहेरी घातलेली सतरंजी अंथरावी. बाळाला अनवाणी ठेवावे आणि गुडघे उघडे राहतील असे कपडे घालावेत. एवढ्यानेच काही बाळांचा मुडपलेला पाय खाली येतो.

जमिनीवरचा वेळ वाढवावा. अद्याप हिंडू-फिरू न लागलेल्या बाळांना जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची शिफारस आहे. हा वेळ चार-पाच मिनिटांच्या तुकड्यांत विभागावा आणि कोणीतरी सतत जवळ असावे. झोपवताना मात्र बाळाला उताणेच ठेवावे.

खेळणे कुठे ठेवायचे, यात खरी युक्ती आहे. मागे पडणारा हात वापरात यावा असे वाटत असेल, तर खेळणे त्या हाताच्या बाजूला ठेवावे. त्या हातावर भार पडून तो बळकट व्हावा असे वाटत असेल, तर बाळ हात-गुडघ्यांवर असताना खेळणे चांगल्या हाताच्या बाजूला, जरा उंच धरावे. चांगला हात वर उचलला, की सारा भार आपसूक दुसऱ्या हातावर येतो. बसलेल्या बाळासाठी खेळणे नावडत्या बाजूला, थोडे मागे ठेवावे. ते घेण्यासाठी कमरेला पीळ देऊन, त्या बाजूने हात टेकत ते रांगण्याच्या स्थितीत येते. रांगण्याचा वाकडेपणा पुष्कळदा याच वळणावर सुरू होतो, कारण बाळ नेहमी एकाच बाजूने उतरते आणि दुसऱ्या बाजूचा पाय तसाच मुडपलेला राहतो.

अडथळे मित्र ठरतात. जमिनीवर पाय पसरून बसलेल्या बाबांच्या मांडीवरून, घट्ट उशीवरून किंवा दुमडलेल्या गोधडीवरून पलीकडे जाताना बाळाला दोन्ही गुडघे वापरावे लागतात. दोन खुर्च्यांवर चादर टाकून ठेंगणे भुयार केले आणि पलीकडच्या तोंडाशी ताई बसली, तर आत शिरताना बाळ अंग खाली घेते व पाय मुडपून उभा ठेवणे त्याला अवघड जाते. ठेंगण्या पाटावर किंवा स्टुलावर खेळणी मांडून बाळाला दोन्ही गुडघ्यांवर उभे राहून खेळू द्यावे; त्याने खुब्याभोवतीचे स्नायू घट्ट होतात.

हाताचा आधार हलका असावा. मुडपलेला पाय बाहेर पडत असेल, तर मागे बसून दोन्ही तळहात कमरेच्या बाजूंना ठेवावेत व तो गुडघा अलगद कमरेखाली आणावा. दोन-तीन पावले झाली की हात काढून घ्यावा. बाळ रडले, ताठले किंवा हसेनासे झाले, की थांबावे. दिवसातून चार-पाच वेळा पाच मिनिटे पुरतात.

रोजच्या सवयीही पालटाव्यात. कडेवर घेताना दोन्ही मांड्या फाकून बाळ कमरेवर बसते, ही आपल्याकडची पद्धत खुब्यांना पोषकच आहे; फक्त कड आलटून पालटून घ्यावी. पाळण्यात डोक्याची बाजू एक दिवसाआड बदलावी. दूध पाजताना, भरवताना समोरच्याची जागा बदलत राहावी.

हे टाळावे

चाकांच्या वॉकरमध्ये बाळाला ठेवू नये. त्याने चालणे लवकर येत नाही, उलट जमिनीवर हात-गुडघे वापरण्याची संधी जाते आणि जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. मालिश जरूर करावी. परंतु मालिशवाल्या बाईंकडून ‘पाय सरळ करण्यासाठी’ ओढाताण, झटके किंवा पाय धरून उलटे लोंबकळवणे होऊ देऊ नये. खुबा आधीच सैल असेल, तर त्यात इजा संभवते. तान्हेपणी पाय सरळ जुळवून घट्ट बाळुते गुंडाळणेही खुब्यांना अपायकारक असते. चांगला हात बांधून ठेवण्याचा प्रयोग तर घरी मुळीच करू नये. तशा स्वरूपाचे उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच होतात.

डॉक्टरांकडे केव्हा?

साधारण तीन-चार आठवडे नियमित खेळ घेऊनही काहीच फरक पडला नाही, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. पुढील खुणा दिसल्यास तितकेही थांबू नये: एक मूठ सतत मिटलेली असणे, वर्षाच्या आतच बाळ ठामपणे उजवे किंवा डावखुरे वाटणे, एक हात किंवा पाय आखडलेला अथवा लुळा असणे, मांड्या सारख्या न फाकणे किंवा एक पाय आखूड दिसणे, मान एकाच बाजूला कलणे, येत असलेली हालचाल बंद पडणे. रांगता रांगता एकाएकी एका पायावर भार देणे थांबले आणि सोबत ताप, सूज किंवा पडल्याचा संशय असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

लहानपणी कोणी तरी ‘डावखुरे’ म्हणून कौतुक केलेल्या बाळाचा उजवा हात खरोखर दुर्बळ असू शकतो. हाताची पसंती सहसा पहिल्या वाढदिवसाच्या बऱ्याच नंतर ठरते, त्याआधी नव्हे.

वेळेचे मोल खुब्याच्या दोषात सर्वांत स्पष्ट दिसते. पहिल्या सहा महिन्यांत निदान झाले, तर बहुधा पट्ट्यांच्या मऊ आधाराने काम भागते. त्यानंतर भूल देऊन खुबा बसवून प्लास्टर घालावे लागते आणि चालू लागल्यावर लक्षात आले, तर अनेकदा शस्त्रक्रियेखेरीज मार्ग उरत नाही. मेंदूच्या इजेतही पहिल्या दोन वर्षांत सुरू झालेला व्यायामोपचार मोठा हातभार लावतो.

यासाठी खर्चाची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात खुब्याचा जन्मजात दोष आणि हालचालींच्या विकासातील विलंब या दोहोंची तपासणी व पुढील उपचार मोफत अंतर्भूत आहेत. जवळचे आरोग्य केंद्र किंवा अंगणवाडी येथून सुरुवात करता येते. तिथून जिल्हा रुग्णालय किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवणी होऊ शकते. लसीकरणाच्या दिवशी डॉक्टर समोर असतातच. मोबाइलमधले चित्रण तेव्हा दाखवावे आणि प्रश्न संकोच न करता विचारावा.

सतरंजी, दोन उशा, एक खुळखुळा आणि जमिनीवर बाळाच्या उंचीला येऊन बसणारे मोठे माणूस, इतक्या सामग्रीत बहुतेक बाळांचे काम होते. ज्यांचे होत नाही, ती बाळेही याच खेळांतून ओळखू येतात. चटईवर घालवलेला वेळ म्हणून दोन्ही परींनी सत्कारणी लागतो.